भाऊजींनी बेटांना दिलेले गुण

ग्रीसहून परत येऊन दोन दिवसही झाले नव्हते. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्या होत्या, आणि माझ्या दिरांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेटांचा निकाल लावून टाकला. मिकोनोस दहापैकी आठ, सँटोरिनी दहापैकी दहा, नाक्सोस दोन. प्रत्येकापुढे एकेक शेरा. मिकोनोस म्हणजे क्लास पब्लिक, पण महाग. सँटोरिनी जन्मात एकदा तरी बघायलाच हवं. आणि नाक्सोस? ‘नुसती शेती, वारा आणि धूळ. पिंपळगावला राहिलो असतो तरी हेच दिसलं असतं.’

खाली अंगठ्यांची रांग लागली. पंचवटीतल्या आमच्या स्वयंपाकघरात गॅससमोर उभी राहून मी ते तीनदा वाचलं, तोवर वांगी खाली लागली. करपल्याचा वास आला तेव्हा माझे मिस्टर बाहेरून म्हणाले, “काय झालं गं?”

“तुमच्या भावानं नाक्सोसला दोन मार्क दिलेत.”

“देऊ दे ना. त्यानं काय बेट बुडणारंय?”

हे असं आमच्याकडे नेहमीचं आहे. धाकटा बोलतो, थोरला ‘असू दे’ म्हणतो.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, मिस्टर, दीर आणि जाऊ. दोघा भावांची द्राक्षबाग पिंपळगाव बसवंतच्या पलीकडे, हायवेपासून आत. मुलांच्या शाळेसाठी आम्ही नाशकात राहायला आलो, पण बाग सोडली नाही. मिस्टर रोज जातात, मी आठवड्यातून दोनदा तरी जातेच. तीस वर्षं माझ्या हाताला काडीचा चीक आणि औषधाचा वास लागलेला आहे. दिरांनी मात्र स्वतःचा वाटा कधीच विकला. आता ते प्लॉटचा धंदा करतात आणि गंगापूर रोडला बंगल्यात राहतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्यानं त्यानं आपलं बघावं. ग्रीसची कल्पना त्यांचीच होती. एप्रिलची छाटणी झाली, फुटींची विरळणी उरकली, गडी विश्वासातले आहेत, तर मे महिन्याच्या शेवटी चला, असं त्यांनी जवळजवळ ठरवूनच सांगितलं. तिकिटं, व्हिसा, हॉटेलं सगळं त्यांनीच पाहिलं. ते मी नाकारत नाही. नाहीतर आम्ही दोघं कसले जातोय?

पहिलं बेट मिकोनोस. मला ते वाईट वाटलं नाही, हे आधीच सांगते, कारण नंतर दिरांनी सगळ्यांना सांगितलं की वहिनींना नाक्सोसशिवाय काहीच पसंत पडलं नाही. पहाटे लवकर जाग आली म्हणून मी आणि जाऊ गावात फिरायला गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद आणि वळणाच्या, की पंचवटीत वाढलेल्या माणसालाही चकवा लागावा. एक म्हातारी बाई गुडघ्यावर बसून फरशीच्या सांध्यांना ब्रशनं चुना लावत होती. आम्ही त्याच दुकानासमोर तिसऱ्यांदा आलो तेव्हा ती हसायला लागली आणि ब्रशनं समुद्राकडची वाट दाखवली. जाऊ आणि मी पोट धरून हसत घाटावर आलो. घाटच म्हणायचा तो, पायऱ्या थेट पाण्यात. दहाच्या सुमारास मोठी बोट लागली आणि त्याच गल्ल्यांत पाय ठेवायला जागा राहिली नाही. म्हातारीच्या ओल्या चुन्यावरून शेकडो बूट गेले. तिचा ब्रश आणि डबा तेवढा भिंतीशी ठेवलेला दिसला.

तिथून बोटीनं नाक्सोस. दोन रात्रींचा मुक्काम होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सँटोरिनीला जायचं, तर वारा सुटला. साधासुधा नाही. बंदरातल्या बोटी एकमेकींवर आदळत होत्या आणि तिकिटाच्या खिडकीवर कागद चिकटवला होता, की आज एकही बोट सुटणार नाही. दिरांचा पारा चढला. ते खिडकीतल्या पोरीवर ओरडले, मग आमच्या मुलीच्या वयाच्या त्या पोरीनं शांतपणे हात हलवून आकाश दाखवलं. त्यावर भाऊजी म्हणतात, “आमचं सँटोरिनीचं हॉटेल वाया जातंय, ते कोण भरून देणार?” वाऱ्याला कोण जाब विचारणार होतं? मला त्या पोरीपुढे मान वर करवेना.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाई पन्नाशीच्या असतील. चार खोल्या भाड्यानं द्यायच्या आणि स्वतः खाली राहायच्या. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे कामापुरतं. आमची तोंडं बघून त्यांनी विचारलं, दिवस मोकळा आहे तर माझ्या भावाच्या शेतावर येता का? बटाटे काढायचे चाललेत. दीर म्हणाले, “शेतावर? मी इथं शेत बघायला आलोय का?” आणि फोन घेऊन खोलीत जाऊन पडले. जाऊकडे न बघताच त्यांनी हात उडवला, “तुला जायचं तर जा.” आम्ही तिघं बाईंच्या पिकअपमध्ये बसलो.

डोंगराच्या पोटात सपाट तुकडा होता. वाऱ्यापासून आडोशाला वेताची भिंत उभी केलेली. बाईंचा भाऊ आणि त्याची बायको सरीतून बटाटे उपटत होते. मिस्टरांनी न विचारताच खाली वाकून माती उचलली, बोटांत चुरली, वास घेतला. तो भाऊ काम थांबवून बघत राहिला. मग त्यानंही मूठभर माती उचलली आणि दोघांचं सुरू झालं. याला मराठी, त्याला ग्रीक. पाणी किती लागतं, ते बोटांवर. खत कुठलं, ते गुरासारखा आवाज काढून. मिस्टर मला म्हणाले, “लय भुसभुशीत हाय गं. आपल्याकडं हे असं वरच्या अंगाला असतं बघ, पेठकडं जाताना.” इतकं बोलकं झालेलं त्यांना मी घरीसुद्धा क्वचित पाहिलंय.

दुपारी झाडाखाली जेवलो. ताजे बटाटे तेलात तळलेले, वर मीठ आणि खिसलेलं खारट चीज, टोमॅटो, कांदा, पाव. कांदा आपल्यापेक्षा गोड. जाऊ त्या दोन बायकांबरोबर बटाटे सोलायला बसली होती. चपला काढून ठेवलेल्या, पदर खोचलेला. येताना बाईंनी आमच्या हातात बटाट्यांची पिशवी दिली. प्रवासात न्यायची कशी, म्हणून मी नको नको म्हणत होते, तर त्या रागावल्या. शेवटी आम्ही ते बटाटे रात्री त्यांच्याच स्वयंपाकघरात उकडून खाल्ले.

या दिवसाला दोन मार्क.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि आम्ही सँटोरिनीला पोचलो. बेट देखणं आहे, खोटं का बोलू? कड्यावर पांढरी घरं आणि खाली एकदम खोल निळं पाणी. पण आमच्या नजरेला दुसरंच काही पडलं. भाड्याची गाडी दीर चालवत होते. दक्षिणेच्या टोकाला दीपगृह आहे, तिथून सूर्यास्त चांगला दिसतो आणि गर्दीही कमी असते, म्हणून संध्याकाळी तिकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळपट, खरबरीत जमीन आणि तिच्यावर हिरव्या टोपल्या मांडून ठेवल्यासारखं काहीतरी. गुडघ्याएवढी उंची. लांबून झुडपं वाटली. गाडी वळणावर हळू झाली तेव्हा मला पान दिसलं आणि मी ओरडले, “अहो, द्राक्ष आहे ही!”

मिस्टरांनी काच खाली केली. “खरंच की.”

मांडव नाही, तारा नाही, ठिबकची नळी नाही. वेल जमिनीवरच गोल गोल वळवून तिची टोपली केलेली आणि आत, वाऱ्यापासून झाकलेले, ज्वारीच्या दाण्याएवढे मणी धरलेले घड. तीस वर्षं मी वेली बांधल्या, पण अशी बांधणी कधी पाहिली नव्हती. दर वर्षी कुणीतरी वाकून, एकेक काडी हातानं विणत असणार. कंबरेचं काय होत असेल, ते मला कुणी सांगायला नको. मी म्हटलं, भाऊजी, थांबवा जरा, बघू द्या.

त्यांनी थांबवली, पण बघायला नव्हे. मागे समुद्र, वर लाल आकाश, त्यांना फोटो दिसला. बुटक्या दगडी कुंपणावरून ते पलीकडे उतरले आणि जाऊला हाक मारली. “ये इकडं. ह्या घरट्यात बस. पक्ष्याच्या घरट्यासारखं दिसतंय बघ, मस्त फोटो येईल.”

“भाऊजी, वेल आहे ती,” मी म्हटलं.

“द्राक्षाची? मग मांडव कुठंय? द्राक्ष असं जमिनीवर लोळतं का कुठं, वहिनी?” आणि हसले. आजोबांपासून ज्यांच्या घरात द्राक्ष आहे, लहानपणी ज्यांनी मण्यांची विरळणी केलीय, तो माणूस हे बोलला. पान समोर होतं. घड समोर होता. मी पुन्हा काही बोलायला हवं होतं. मोठ्यानं बोलायला हवं होतं. मी मिस्टरांकडे बघितलं, ते रस्त्यावर उभे राहून चपलेनं खडा उडवत होते.

जाऊ जरा घुटमळली. “बस की!” असा आवाज आला आणि ती बसली. कडकड असा दोनदा आवाज झाला. तो आवाज मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. ओलांडा, म्हणजे वेलीची जाड आडवी फांदी, मोडल्याचा आवाज होता तो.

वरच्या बाजूनं एक म्हातारा धावत आला. डोक्यावर गवताची टोपी, हातात कात्री. तो ओरडत होता, आणि भाषा कळत नसली तरी शब्द न् शब्द कळत होता. जाऊ घाबरून उठली, उठताना आणखी एक काडी साडीत अडकून तुटली. दीर “सॉरी सॉरी” म्हणत कुंपणावरून अलीकडे आले, आणि मग त्यांनी काय करावं? फोन वर केला आणि त्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ काढायला लागले. “बघा बघा, कसा नाचतोय!”

मी कुंपणापलीकडे गेले. मोडलेली काडी पूर्ण सुटली नव्हती, सालीवर लोंबत होती. आमच्याकडे वादळानंतर अशी काडी आम्ही बांधून बघतो. कधी जगते, कधी नाही. मी गुडघ्यावर बसले, फाटलेला भाग जुळवला, रुमालाची पट्टी फाडायला लागले. म्हातारा वर उभा होता. मी त्याला म्हणत होते, “आमचीपण बाग आहे. मला बांधता येतं.” मराठीत. त्या वेळी दुसरी भाषा सुचलीच नाही. वाटत होतं, हात बघून तरी त्याला कळेल.

त्याला काही कळलं नाही. त्यानं खाली वाकून माझ्या हातातून काडी काढून घेतली, कात्रीनं कट करून तोडली, बाजूला टाकली आणि बोटानं मला रस्ता दाखवला. चला, बाहेर व्हा. माझ्याकडे त्यानं ज्या नजरेनं बघितलं, तीच नजर दिरांकडे होती. त्याच्या लेखी आम्ही सगळे एकच. त्याचं काय चुकलं? मीसुद्धा त्याच गाडीतून उतरले होते.

गाडीत बसल्यावर दीर म्हणाले, “वहिनी, तुमच्यामुळं सूर्य गेला बघा.” दीपगृहापाशी पोचलो तेव्हा लोक परत निघाले होते. मी उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात नाश्त्याला पिवळ्या डाळीचं घट्ट वरण होतं, आपल्या पिठल्याच्या जवळ जाणारं, वर कांदा. वाढणाऱ्या मुलीला मी खुणांनी त्या वेलींबद्दल विचारलं. ती सोप्या इंग्रजीत म्हणाली, वर दिसतं ते नवं असतं, पण खालचं मूळ फार फार जुनं असतं. तिच्या पणजोबांच्याही आधीचं. मिस्टरांना मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि बराच वेळ काही खाल्लं नाही.

आता परत नाशकात येते. मार्कांची यादी आली, त्याच्या पुढच्या रविवारी दिरांनी सगळ्यांना बंगल्यावर बोलावलं. मिस्टरांची आत्या, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, पोरंसोरं, वीसेक माणसं. मोठ्या टीव्हीवर फोटो लावले. मिकोनोसचे चाळीस, सँटोरिनीचे शंभर. नाक्सोसचा एकच, तिकिटाच्या खिडकीचा. मग जाऊचा ‘घरट्या’तला फोटो आला. सगळ्यांनी “वा!” केलं. जाऊ किचनच्या दाराशी उभी होती, ती आत गेली.

आणि मग व्हिडिओ. म्हातारा कात्री हलवत ओरडतोय, टोपी पडतेय, मागून दिरांचं हसू. खोलीभर हशा. एका पोरानं “पुन्हा लावा” म्हटलं आणि त्यांनी पुन्हा लावला. या वेळी ते स्वतः म्हाताऱ्याची नक्कल करायला लागले.

मी म्हटलं, “भाऊजी, ते बंद करा.”

“अहो गंमत आहे, वहिनी.”

“त्याची वेल मोडली तुम्ही. त्याची गंमत?”

दीर हसतच म्हणाले, “एवढं काय? झाडच तर आहे.”

मग मला राहवलं नाही. मी उभी राहिले. चारचौघांत दिराशी असं बोलायची माझी पहिलीच वेळ. “तुम्ही कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट आठवतेय? हायवेवरून मुंबईची गाडी आत आली होती. त्या लोकांनी बागेत शिरून फोटो काढले, दोन घड तोडले. तुम्ही अनवाणी पळत गेलात त्यांच्यामागे पार हायवेपर्यंत. काच फोडली होती तुम्ही त्यांची. मामंजींनी दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कौतुकानं सांगितलं. तेव्हा तुमचा कुणी व्हिडिओ काढून हसलं असतं तर?”

दिरांनी रिमोट दाबला. टीव्हीवर म्हातारा तोंड उघडून थांबला होता.

“वेल आहे, असं मी सांगितलं होतं तुम्हाला,” मी म्हटलं. “तरी तुम्ही हिला त्यात बसवलं. दहापैकी दहा देताना हे का नाही लिहिलं?”

“दादा, सांग जरा वहिनीला,” दीर मिस्टरांना म्हणाले.

मला वाटलं, हे आता ‘असू दे’ म्हणणार. मिस्टर खुर्चीवर खाली बघत बसले होते. म्हणाले, “ओलांडा मोडला होता. मी पाहिला. सालभर तरी त्या वेलीला आता माल नाय.” एवढंच. पण वीस माणसांत ते पहिल्यांदा भावाच्या विरुद्ध बोलले.

दिरांनी टीव्ही बंद केला. नंतर कोणीतरी पावभाजी वाढायला घ्या म्हणालं. आत्यांनी मला शेजारी बसवून हळूच विचारलं, “मग गं, तुला कोणतं चांगलं वाटलं?” मी सांगितलं, नाक्सोस. तिथं वारा होता, धूळ होती आणि शेती होती. त्या म्हणाल्या, “मग सांग ना त्याचं.” मी सांगत होते आणि माझा आवाज चढतच होता, आत्यांनी दोनदा माझ्या हातावर हात ठेवला.

त्यानंतर दिरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ग्रुपवरही टाकलेला व्हिडिओ काढला, मार्क मात्र तसेच आहेत. बाहेर ते आता सांगतात की वहिनी सूर्यास्त चुकला म्हणून चिडल्या. हे मला दोघा-तिघांकडून कळलं. माफी तर दूरच. ती मागायची झाली तर माझी मागायचीही नव्हती. ज्याची मागायला हवी त्याचं नाव-गाव आमच्यापैकी कुणाला ठाऊक नाही.

मिस्टरांवरही माझा राग आहे. मी त्यांना विचारलं, नाशकात बोललात, तेच तिथं कुंपणाशी का नाही बोललात? ते म्हणाले, “तिथं तो भाऊ होता, परक्या मुलखात.” म्हणजे काय? इथं तो भाऊ नाही? ते ऑक्टोबर छाटणीच्या कामाला निघून गेले.

दिवाळीच्या आधी जाऊ एकटी आमच्याकडे आली. दिरांना न सांगता आली होती. आम्ही दोघी चकल्या पाडत बसलो. ती म्हणाली, “ताई, त्या फोटोत मी हसतेय ना, ते मला बघवत नाही.” तिनं आणखी एक चकली पाडली. मग म्हणाली, “बटाट्याच्या शेतात मला किती बरं वाटलं होतं. तसं तिकडं दुसरीकडं कुठंच वाटलं नाही.”

मला रागच आला. “मग त्या दिवशी बोलली का नाहीस? मी एकटी सगळ्यांसमोर भांडत होते!”

तिनं सोऱ्या खाली ठेवला. “मला विचारलं कुणी? तुम्ही तरी विचारलंत का?”

मिकोनोसच्या चुन्याच्या गल्लीत आम्ही बरोबर होतो, पिकअपमध्ये बरोबर होतो, बोटीत तासन्‌तास शेजारी बसलो होतो. मी नव्हतं विचारलं.